झोजीलाचा बर्फ आणि ड्रायव्हरचा रोज



वैशाखाच्या या उकाड्यात, डोक्यावर पंखा फिरत असताना, बर्फावर बोलायला उभे राहणे म्हणजे थोडी चेष्टाच वाटेल. मंडळाच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही किमान वेतनावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. बोलणार आहोत त्यावरच. फक्त वाट जरा लांबची घेणार आहोत, ४३४ किलोमीटरांची. श्रीनगरहून लेहला जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग आहे, तो हिवाळ्यात कसा असतो आणि त्यावरून गाडी नेणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, हे आपल्यापुढे मांडावे असा विचार आहे.

आम्ही म्हणजे मोटार कामगारांच्या संघटनेतली माणसे. शाळा बहुतेकांची सातवी-आठवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, ढाब्यावर आणि संपाच्या मांडवात झाले. तेव्हा भूगोलाच्या प्राध्यापकांसारखे बोलणे आमच्याकडून होणार नाही. परंतु संघटनेच्या कामासाठी दोन हिवाळ्यांत त्या रस्त्याने ट्रकवाल्यांबरोबर आमची ये-जा झाली, आणि जे पाहिले ते नंतर पुस्तकांतून ताडून घेतले.

प्रथम रस्ता कसा आहे ते पाहू. श्रीनगर सोडले की सिंध नदीच्या खोऱ्यातून आपण सोनमर्गपर्यंत जातो. ही सिंध म्हणजे ती मोठी सिंधू नव्हे. ही झेलमला मिळणारी धाकटी नदी. दोन्ही अंगांना देवदार आणि चीडाची दाट झाडी, पाण्याचा खळखळाट, हिरवळ. सोनमर्गच्या पुढे बालटालपासून चढ लागतो आणि आपण झोजीलावर येतो. 'ला' म्हणजेच तिकडच्या भाषेत खिंड, तेव्हा 'झोजीला खिंड' म्हणणे हे 'विंध्याचल पर्वत' म्हणण्यासारखे आहे. पण आपणही तसे म्हणतोच. उंची सुमारे ३,५२८ मीटर. आपले लोणावळे ६०० मीटरांच्या आसपास आहे, आणि बोरघाट चढून आले की आपल्याला पराक्रम केल्यासारखे वाटते, हे येथे आठवावे.

झोजीला ओलांडला की एक विलक्षण गोष्ट घडते. झाडे संपतात. विरळ होतात असे नव्हे, संपतात. पुढे द्रास, कारगिल, मुलबेख, मग नमिकाला, त्यानंतर ४,१०८ मीटर उंचीचा फोटूला, लामायुरू, खालसी, निमू आणि लेह. या साऱ्या वाटेवर नदीकाठच्या गावांतली लावलेली झाडे सोडली तर पिवळे, तांबूस, करडे उघडे डोंगर आहेत. हे वाळवंट आहे, फक्त थंड आहे. लेहला वर्षभरात सगळा मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. आपल्याकडचा जून महिना एका दिवसात कधीकधी तेवढा देऊन जातो. कारण सोपे आहे. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा हिमालयाच्या रांगांवर आपटतो आणि तेथेच रिकामा होतो. पलीकडे त्याची फक्त कोरडी झुळूक पोचते.

मग कोणी विचारील की वाळवंट आहे तर बर्फाची अडचण कसली? येथेच खुबी आहे. हिवाळ्यातले बर्फ मोसमी वाऱ्याचे नसते. ते भूमध्य समुद्राकडून, इराण-अफगाणिस्तान ओलांडून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांचे असते. झोजीला त्यांच्या वाटेत नेमका उभा आहे. वारा बर्फ आणून खिंडीत कोंबतो, वरच्या कड्यांवरून हिमकडे कोसळतात, आणि वसंतात रस्ता उघडतात तेव्हा दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली इमारतींएवढ्या बर्फाच्या भिंती उभ्या असतात. म्हणजे एकाच प्रवासात ड्रायव्हरला दोन निरनिराळ्या शत्रूंशी गाठ घालावी लागते: झोजीलावर बर्फाचा ढीग, आणि पुढच्या वाळवंटात कोरडी, हाडे गोठवणारी थंडी. ढीग दिसतो तरी. थंडीचे काम गुपचूप चालते.

ती कशी काम करते ते सांगितले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. दिवसा ऊन कडक असते; रस्त्याच्या वरच्या अंगाचे बर्फ वितळून पाणी डांबरावर येते. सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात त्याचा पातळ, पारदर्शक थर होतो. खालचे काळे डांबर त्यातून दिसते, म्हणून ड्रायव्हरला वाटते रस्ता फक्त ओला आहे. नाल्याच्या वळणावर, डोंगराच्या सावलीत, पुलावर तो दुपारीही वितळत नाही. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी ब्रेक लावल्यावर नऊ-दहा मीटरांत थांबू शकते. या थरावर तिला साठ मीटरांहून अधिक लागतात. आणि साठ मीटर सरळ रस्ता त्या घाटात कोठे आहे? आणखी एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते. बर्फ जितके शून्याच्या जवळ, तितके निसरडे. कडाक्याच्या पहाटेपेक्षा दहा-अकरा वाजता, ऊन पडून वरचा पापुद्रा ओलसर झालेला असतो तेव्हा, ते अधिक घातक. म्हणून जुने ड्रायव्हर पहाटे निघण्यासाठी धडपडतात. आणि पहाटेच तर गाडी सुरू होत नाही!

गाडी का सुरू होत नाही? पहिले कारण बॅटरी. शून्याखाली वीस अंशांच्या सुमारास तिची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि घट्ट झालेल्या इंजिन-ऑइलमुळे काम मात्र दुप्पट पडते. दुसरे कारण डिझेल. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो; थंडीत तो गोठून फिल्टरमध्ये बसतो आणि इंजिनाचा घास तोंडातच अडकतो. यावर वर्षानुवर्षे जो उपाय चालत आला तो ऐकून आपल्या अंगावर काटा येईल. पहाटे चार वाजता क्लीनर पोरगा टाकीखाली स्टोव्ह पेटवून बसे. डिझेलच्या टाकीखाली विस्तव! आम्ही हे पाहिले तेव्हा दूर सरकलो. तो पोरगा मात्र त्याच स्टोव्हवर चहाचे पातेले ठेवायच्या बेतात होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. ही खरोखर मोठी सुधारणा आहे आणि ती केल्याबद्दल कंपनीला शाबासकी दिली पाहिजे. पण खालून, सपाटीवरच्या पंपावर टाकी भरून वर चढलेल्या गाडीच्या पोटात साधेच डिझेल असते, आणि क्लीनरचा स्टोव्ह त्यामुळे अजून निवृत्त झालेला नाही.

रेडिएटरमध्ये साधे पाणी ठेवले तर ते गोठून ब्लॉक फुटतो, म्हणून निम्मे पाणी आणि निम्मे न गोठणारे द्रव असे मिश्रण घालतात. हवेच्या ब्रेकच्या टाक्यांत ओल साचते. ती रोज काढून टाकली नाही तर नळीत बर्फाचे बूच बसते आणि उतारावर ब्रेकचे पायडल दाबल्यावर काहीच होत नाही. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवणे आपल्याकडे शहाणपणाचे. तेथे ओला लायनर ड्रमला चिकटून गोठतो, म्हणून गाडी गेअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावतात. हे ज्ञान कोणत्याही परवान्याच्या परीक्षेत विचारले जात नाही. एका उस्तादाकडून दुसऱ्याकडे ते जाते, घराण्याच्या गाण्यासारखे.

साखळ्यांविषयी दोन शब्द. लोखंडी साखळी इंजिनाची ताकद जेथे जाते त्या चाकांना बांधायची, आणि चढ लागण्याच्या आधी बांधायची. गाडी अडकल्यावर बर्फात पालथे पडून बांधणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी. कोरडे डांबर लागले की उतरवायची, नाहीतर ती तुटून चिखलपट्टी फोडते. एका दिवसात चारपाच वेळा ही चढ-उतर होते. हातमोजे घालून कड्या लागत नाहीत आणि काढले तर कातडी लोखंडाला चिकटते. आमच्याबरोबर कारगिलकडचे एक वयस्कर ड्रायव्हर होते. सगळे त्यांना उस्तादच म्हणत. फोटूलाचा उतार त्यांनी दुसऱ्या गेअरमध्ये, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता उतरवला. खाली आल्यावर आम्ही विचारले, "उस्ताद, एवढ्या हळू?" ते म्हणाले, "भाईसाहेब, घसरायला लागल्यावर ब्रेक कोणाचे ऐकत नाही. वर असतानाच त्याच्याशी बोलून घ्यायचे."

निमूजवळ रस्त्याचा एक तुकडा आहे, त्याला चुंबकी टेकडी म्हणतात. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की ती चढावर आपोआप चढते, असा समज आहे आणि प्रवासी तेथे फोटो काढतात. चुंबक वगैरे काही नाही. भोवतालच्या डोंगरांच्या रेषांमुळे डोळा फसतो आणि उतार चढासारखा दिसतो. आम्हांला ती गंमत वाटली, उस्तादांना वाटली नाही. ज्या मुलखात डोळ्याला चढ-उतार कळत नाहीत तेथे बर्फावर गाडी चालवायची आहे, हे त्यांच्या मनात होते.

आणि माणूस? झोजीलाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. मनालीकडून लेहला येणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावर तांगलांगला ५,३२८ मीटरांवर आहे; तेथे तो जवळजवळ निम्मा. डोके दुखते, झोप लागत नाही, विचार मंदावतो. थंडी असह्य झाली की ड्रायव्हर आणि क्लीनर केबिनच्या काचा बंद करून इंजिन चालू ठेवतात किंवा शेगडी पेटवतात, आणि कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायू झोपेतच माणसाला घेऊन जातो. बर्फात धुराची नळी बुजली असेल तर उघड्या माळावरही हेच होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या त्यापूर्वीच्या आहेत, आणि त्यांतच माणसे झोपतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. एवढे सगळे ठाऊक असलेला ड्रायव्हर वाईट दिवशी घाटात गाडी घालतोच का?

झोजीलावर हिवाळ्यात वाहतूक एकेरी चालते. आज इकडची वाहने, उद्या तिकडची. बर्फ पडले की फाटक बंद. सोनमर्गला किंवा मिनामर्गला ट्रकांची रांग लागते, आणि ती दोन दिवस, पाच दिवस, कधी त्याहून अधिक उभी राहते. आमच्या धंद्यात बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरला फेरीवर पैसे मिळतात. फेरी चार दिवसांत झाली तरी तेवढेच आणि बारा दिवसांत झाली तरी तेवढेच. रांगेतले जेवण, सरपण, चहा त्याच्या खिशातून. म्हणजे बर्फ पडले तर रोज कोणाचा बुडतो? माल पाठवणाऱ्याचा नाही, मालकाचा थोडा, ड्रायव्हरचा पुरा. सहाव्या दिवशी फाटक अर्धवट उघडले आणि वर ढग असले, तर तो हिशेब करतो की आज न गेलो तर आणखी तीन दिवस फुकट. तो गाडी घालतो. खाली दरीत गाडी सापडली की पंचनाम्यात लिहितात, 'चालकाचा ताबा सुटला'. ताबा फाटकावर, सहाव्या दिवशीच सुटलेला असतो, आणि तो एकट्या चालकाचा नसतो. पण पंचनाम्यात त्याला रकाना नाही.

१९६१ साली संसदेने मोटार परिवहन कामगारांचा कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याला परवानगीने दहा आणि चोपन्न. पाच तासांनंतर अर्धा तास विसावा. जेथे रात्रीचा मुक्काम पडतो तेथे मालकाने विश्रामगृह ठेवावे. कायदा वाईट नव्हता. त्यात एक कलम मात्र आम्ही वारंवार वाचत असू: वाहतूक खंडित झाली किंवा दैवी आपत्ती आली, तर मालकाला जास्त तास काम करून घेता येईल. बर्फ ही दैवी आपत्तीच, नाही का? तेव्हा देवाने बर्फ पाडले की तास वाढणार. देवाच्या करणीने पगार वाढेल असे मात्र त्या कलमात नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६१ चा कायदा त्यांतल्या एकीत विरघळला. जुना कायदा पाच कामगार असलेल्या परिवहन संस्थेला लागे. आता संख्या दहा झाली आहे. ट्रकचा धंदा हा मुख्यतः एक, दोन, चार गाड्यांच्या मालकांचा धंदा आहे, हे आपल्या गावच्या ट्रक अड्ड्यावर जाऊन कोणीही मोजावे. चार गाड्यांवर चार ड्रायव्हर, चार क्लीनर, बेरीज आठ. पूर्वी कायद्याच्या आत, आज बाहेर. कागदावर एक आकडा बदलला, आणि फोटूलावरचा माणूस हिशेबातून गेला.

आम्ही नुसती तक्रार करायला आलेलो नाही; जेथे पाऊल पुढे पडले ते सांगितले पाहिजे. हा रस्ता उघडा ठेवणारे सीमा सडक संघटनेचे कामगार आहेत. संघटना ७ मे १९६० ला स्थापन झाली. झोजीलाच्या अलीकडे तिचा बीकन प्रकल्प, पलीकडे विजयक प्रकल्प. दोन्हीकडून बर्फ कापत येतात आणि मध्ये भेटतात. पूर्वी खिंड पाच-सहा महिने बंद असे. २०२१ मध्ये ११० दिवस, २०२२ मध्ये ७३, २०२३ मध्ये ६८, २०२४ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये ३२ दिवस, अशी ती उतरत आली. यंत्रे चांगली आली हे खरे. परंतु यंत्रापुढे फावडे घेऊन उभा राहणारा माणूस रोजंदारीचा असतो, आणि त्यांतले पुष्कळ जण झारखंडच्या दुमका भागातून येतात. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिलेले नसते. २०२० च्या टाळेबंदीत हे मजूर तेथेच अडकले. २९ मे २०२० रोजी झारखंड सरकारने त्यांच्यातल्या ६० जणांना लेहहून विमानाने घरी आणले, तेव्हा देशाला प्रथम कळले की हे लोक तेथे आहेत.

या रोजंदारी मजुराचा कामावर मृत्यू झाला तर अंत्यविधीसाठी किती रक्कम मिळत असे? १,००० रुपये. २०२३ मध्ये ती १०,००० झाली आणि मृतदेह घरी पोचवण्याची सोयही त्याच वेळी त्यांना लागू झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्यासाठी १० लाखांचा गटविमा मंजूर झाला. उशीर झाला, पण झाले. त्याची गरज किती होती ते २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात माणा येथे दिसले. सीमा सडक संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर हिमकड्याखाली सापडले. ४६ वाचले, ८ गेले. त्याआधी, १८ जानेवारी २०१९ रोजी लेहजवळ खारदुंगलाच्या वाटेवर वाहनांसकट दहा माणसे गाडली गेली होती. आमचे म्हणणे एवढेच की रस्ता उघडणाऱ्याला जो विमा मिळाला, तो त्या रस्त्यावरून लष्कराचे धान्य, रॉकेल आणि लेहकरांची भाजी नेणाऱ्यालाही मिळावा. आणि फाटकावर ज्या दिवशी सरकारी हुकमाने गाडी उभी राहील, त्या दिवसाचा रोज भाड्याच्या करारातच लिहिलेला असावा. तेवढे झाले तर सहाव्या दिवशीचा हिशेब बदलेल.

बोगद्यांविषयी आपण विचाराल म्हणून सांगतो. सोनमर्गच्या अलीकडचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ ला खुला झाला, त्यामुळे सोनमर्ग हिवाळ्यातही जोडलेले राहते. त्याच बोगद्याच्या कामगारांच्या छावणीवर, गगनगीर येथे, २० ऑक्टोबर २०२४ ला अतिरेक्यांनी गोळीबार केला. एक डॉक्टर आणि सहा कामगार मारले गेले. उद्घाटनाच्या फितीकडे पाहताना ही सात नावे आठवायला हवीत. झोजीलाखालच्या तेरा किलोमीटरांहून लांब बोगद्याचा पहिला सुरुंग १५ ऑक्टोबर २०२० ला उडाला. तो बोगदा झोजीलाचा ढीग टाळील. द्रासची थंडी, नमिकाला आणि फोटूलाचा काळा बर्फ तो टाळणार नाही; उलट हिवाळ्यात गाड्या वाढतील, आणि आज महिनाभर सक्तीने घरी बसणारा ड्रायव्हर बारा महिने त्या उतारावर असेल. म्हणून फाटकावरच्या दिवसाचा हा हिशेब बोगदा व्हायच्या आत व्हावा, अशी आमची घाई आहे.

वेळ संपत आली आहे. आम्ही येताना साखळ्यांची एक जोडी बरोबर आणली आहे. ती व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, बाकावर ठेवली आहे. प्रश्नोत्तरांनंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी अवश्य उचलून पाहावी, फक्त लहान मुलांच्या पायावर पडणार नाही एवढी काळजी घ्यावी. एकेक बरीच जड आहे.